मुंबईत इलेक्ट्रिक गाडी घेतली तरी चार्ज करायची कुठे?

गोरेगावकर: रेंजचं, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाईल याचं टेन्शन शहरात उगाच आहे, ऑफिसला जाऊन-येऊन मुंबईत गाडी चालते ती किती? खरा अडथळा रात्रीच्या पार्किंगचा. आमच्याकडे स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या, माझी गाडी वरच्या पाळण्यात, तिला वायर लावणार कशी ते सांगा. ज्याला खाली जागा आहे त्यालाही मीटर रूमपासून केबल ओढायला सोसायटीच्या कमिटीची परवानगी लागते, आणि ती एजीएमवर (वार्षिक सभेवर) ढकलतात. जुन्या चाळीतल्याची गाडी तर रस्त्यावरच, तिथे विषयच संपला.

माजी सेक्रेटरी: कमिटीला शिव्या घालणं सोपं असतं हो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर एक गाडी साधारण ३.३ किलोवॅट खेचते, एकदोघांनी लावलं तर कळतही नाही, पण मे महिन्यात रात्री अकराला घरोघरी एसी चालू आणि खाली दहा गाड्या चार्जिंगला, तर तीस वर्षांपूर्वीची वायरिंग कुठे पुरणार? लोड वाढवायचा खर्च गाडी नसलेल्या पेन्शनरने का द्यायचा?

बोरिवली टू राजापूर: दोघंही रोजचं बोलताय. आपला माणूस गाडी घेताना गणपतीला गावी जायचं आधी बघतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हायवेवर चार्जर सापडला तरी पुढे दोन गाड्या उभ्या असतात, फास्ट चार्जर असला तरी प्रत्येकाला पाऊण तास, मागे पोरं रडतायत. सीएनजीची रांग निदान सरकते तरी! आणि सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, इलेक्ट्रिकला ५ आहेच, पण फरक कमी झाला ना.

शिवडीकर: वर्षातून एकदा गावी जाणार म्हणून वर्षभर पेट्रोल जाळायचं? ट्रेनने जा की. (तिकीट मिळालं तर, हे मान्य.) ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाडीला टोल नाही, पेट्रोलवाल्याला पूर्ण सेतूच्या एका फेरीचे २५०. उलव्याला रोज जाणाऱ्याने हिशोब करून बघावा.

गोरेगावकर: हिशोब पटतो हो, पण चार्जिंगचं काय? सेक्रेटरीसाहेब, खाली एक कॉमन चार्जर बसवा, ज्याची गाडी त्याचं बिल, रात्रीचे स्लॉट वाटून घेऊ.

माजी सेक्रेटरी: बसवू की. पहिल्याचा स्लॉट रात्री दोनला संपला की गाडी हलवायला तो खाली येणार का, तेवढं आधी लिहून घ्या. आमच्याकडे डबल पार्किंगवाला दुपारीसुद्धा फोन उचलत नाही.