दुखवट्याची भरपगारी रजा: धोरणात नेमके काय लिहावे?

प्रश्न

सव्वाशे कर्मचाऱ्यांच्या एका खासगी कंपनीत, मनुष्यबळ विभागात मी काम करते. गेल्या महिन्यात आमच्या एका सहकाऱ्याची आई वारली. रजेचा ऑनलाइन अर्ज भरताना ‘कारण’ या रकान्यात त्याच्यापुढे तीनच पर्याय होते: आजारपण, प्रवास आणि वैयक्तिक काम. त्याने ‘वैयक्तिक काम’ निवडले. तो अर्ज मंजुरीसाठी माझ्याकडे आला तेव्हा मन फार खाऊ लागले, कारण ते पर्याय मीच ठरवले होते.

दुखवट्याची भरपगारी रजा धोरणात स्वतंत्रपणे असावी, असा प्रस्ताव मला व्यवस्थापनापुढे ठेवायचा आहे. ‘अशा वेळी आपण कोणाला अडवतो का?’ असे वरिष्ठ विचारतात. अडवत नाही हे खरे, पण त्याचे चार दिवस त्याच्या शिल्लक रजेतूनच वळते झाले. किती दिवस मागावेत, कोणती नाती धरावीत आणि पुरावा मागावा का, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

निरनिराळ्या देशांच्या कायद्यांत फार तफावत आहे, त्यामुळे एकच आकडा प्रमाण मानता येणार नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार खासगी क्षेत्रातील कर्मचाऱ्याला पती किंवा पत्नीच्या निधनानंतर ५ दिवस आणि आईवडील, अपत्य, भावंड, आजीआजोबा किंवा नातवंड गेल्यास ३ दिवस भरपगारी रजा मिळते. ब्रिटनमध्ये १८ वर्षांखालील अपत्य गमावलेल्या पालकांना एप्रिल २०२० पासून दोन आठवड्यांची रजा आहे. अमेरिकेत खासगी कंपन्यांवर अशा भरपगारी रजेचे बंधन घालणारा संघराज्याचा कायदाच नाही. ओरेगॉन राज्याने २०१४ मध्ये ही रजा सक्तीची केली, पण तीही बिनपगारी.

दक्षिण आफ्रिकेची रचना मात्र आपण टाळावी, असे मला वाटते. तेथे कौटुंबिक जबाबदारीसाठी वर्षाला ३ दिवसांची भरपगारी रजा आहे आणि मूल आजारी पडले तरी ती त्याच तीन दिवसांतून जाते. मुलाच्या तापात ते दिवस संपले आणि पुढे वडील गेले, तर हाती काहीच उरत नाही. म्हणून रजा वर्षागणिक न मोजता प्रत्येक निधनागणिक मोजावी.

दुसरे उत्तर

दिवस किती याइतकेच ते केव्हा घेता येतात हेही महत्त्वाचे आहे, आणि हे मी अनुभवाने सांगतो. वडील गेले तेव्हा मला सलग तीन दिवस मिळाले. ते कसे गेले हे आजही नीटसे आठवत नाही. माणसे येत होती, मी उठत-बसत होतो, इतकेच. खरी गरज तीन आठवड्यांनी पडली. मृत्यूचा दाखला हाती आला आणि बँक, विमा, निवृत्तिवेतन, घराची कागदपत्रे अशी एकेक खिडकी सुरू झाली. या सगळ्या कचेऱ्या माझ्याच कामाच्या वेळेत उघड्या असत. प्रत्येक अर्जात ‘मृताचे नाव’ या रकान्यात वडिलांचे नाव लिहिताना हात थांबायचा, आणि तिथून मला अर्ध्या दिवसाच्या रजेवर परत कामावर जायचे असायचे.

न्यूझीलंडच्या कायद्यात यावर चांगला उपाय आहे: तिथले ३ दिवस सलग किंवा लगेच घ्यावे लागत नाहीत, त्या मृत्यूशी संबंधित कोणत्याही कारणासाठी ते नंतरही घेता येतात. २०२१ पासून नैसर्गिकरीत्या गर्भपात झालेल्या स्त्रीला आणि तिच्या जोडीदारालाही हा हक्क मिळाला आहे. आपल्या मसुद्यात दुसरे काही बसले नाही, तरी रजा तुकड्यांत घेण्याची मुभा अवश्य असावी.

तिसरे उत्तर

मी स्वतः वीस जणांचा लहानसा व्यवसाय चालवतो, म्हणून खर्चाची बाजू मांडतो. ही रजा कोणी आवडीने घेत नाही आणि एका माणसाच्या वाट्याला ती वारंवार येत नाही. एखाद्याचे काही दिवसांचे काम इतरांनी वाटून घेणे आम्हाला कधीच जड गेले नाही. दुखात असलेला माणूस कामावर बसवून ठेवला, तर हिशेबातल्या चुका निस्तरायला त्याहून जास्त वेळ जातो.

नात्यांची यादी द्यावी, पण ती बंद ठेवू नये. ज्याला मावशीने वाढवले त्याच्यासाठी मावशी हीच आई असते. म्हणून यादीच्या शेवटी ‘किंवा कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तितकीच जवळची व्यक्ती’ असे शब्द घालावेत. पुरावा पहिल्या दिवशी मागू नये. कामावर परतल्यावर एक साधे लेखी निवेदन पुरेसे मानावे.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. मसुद्यात प्रत्येक निधनामागे ५ भरपगारी दिवस, ते सहा महिन्यांत तुकड्यांनी घेण्याची मुभा आणि आपण सुचवलेले नात्यांचे शब्द घातले आहेत. ‘आपण कोणाला अडवतो का’ याचे उत्तरही सापडले: वरिष्ठ बदलले की सवलत बदलते, आणि धीट माणूस जे मागून घेतो ते भिडस्त माणूस मागत नाही. सहकाऱ्याचे वळते झालेले चार दिवस त्याच्या खात्यात परत जमा करावेत, ही विनंती त्याच टिपणात जोडली आहे. अर्जातील चौथा पर्याय मी आजच वाढवला.