डिजिटल जगातला खासगीपणा, सत्ता आणि गुन्हे: वाचनकट्ट्यासाठी एक पुस्तक सुचवा (बजेट ₹६००)

कोथरूडकरीण: नमस्कार. आमच्या सोसायटीत दर महिन्याला वाचनकट्टा भरतो. बहुतेक मंडळी सत्तरीच्या आसपासची. पुढचा विषय ठरलाय: आपली माहिती कुणाकडे जाते, त्यातून कुणाचं वजन वाढतं आणि चोर तिचा कसा फायदा घेतात. वर्गणीचे सहाशे रुपये आहेत. एकच पुस्तक हवंय, छापील, हातोहात फिरवता येईल असं. मराठी असेल तर उत्तम, इंग्रजीही चालेल.

एबीसी_चौक: शोशाना झुबॉफ यांचं 'द एज ऑफ सर्व्हेलन्स कॅपिटलिझम' (२०१९). आपण काय शोधतो, कुठे रेंगाळतो हे टिपून आपण पुढे काय करू याचे अंदाज विकले जातात, हे त्यांनी मुळापासून मांडलंय. माझ्याकडे हार्डकव्हर आहे. सहाशेत अडकू नका, थोडी वर्गणी वाढवा.

निवृत्त_बँकर: सातशे पानांच्या आसपासचं पुस्तक दहा जणांत फिरणार कधी? आणि चोरी समजून घ्यायला अमेरिका कशाला? ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेलाच चोरांनी बगल दिली आणि २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या. माझी सगळी नोकरी सहकारी बँकेत गेली, त्या आठवड्यात आम्हाला झोप नव्हती. यावर मराठीत चांगलं पुस्तक यायला हवं.

हिंजवडी_फेज२: काका, खातेदारांचे पैसे गेले नव्हते, बँकेचे गेले. हा फरक महत्त्वाचा आहे.

निवृत्त_बँकर: सहकारी बँकेचे पैसे म्हणजे सभासदांचेच. असो.

हिंजवडी_फेज२: अँडी ग्रीनबर्ग यांचं 'सँडवर्म' घ्या. जून २०१७ मध्ये युक्रेनवर सोडलेला नॉटपेट्या हा संगणक बंद पाडणारा घातक प्रोग्राम जगभर पसरला, न्हावाशेव्याचं एक टर्मिनलसुद्धा ठप्प झालं. मी एका रात्रीत संपवलं.

सुजाता_सहकारनगर: पुस्तकं राहू द्या. माझ्या काकांना 'डिजिटल अटक' म्हणून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं. समोर खाकी वर्दी, मागे खोटं पोलीस स्टेशन. मुलांशीही बोलू दिलं नाही. काका बीए, एलएलबी आहेत, तरी घाबरले. असली अटक कुठल्याही कायद्यात नाही. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत. हे कट्ट्यावर मोठ्याने वाचा.

पेठेतला_वाचक: १९३० बद्दल सहमत. पण विकत घ्यायचंच कशाला? पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, दोन्हीकडे आधी विचारा. आणि इंग्रजी चालणार असेल तर क्लिफर्ड स्टॉल यांचं 'द ककूज एग'. प्रयोगशाळेच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक निघाला, त्याचा माग काढत लेखक थेट केजीबीला, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याला, माहिती विकणाऱ्या जर्मन हॅकरपर्यंत पोचला. मला हे जुन्या बाजारात अगदी किरकोळ भावात मिळालं.

एबीसी_चौक: ते १९८९ चं पुस्तक आहे. आजच्या सत्तेबद्दल त्यात काय सापडणार? झुबॉफच घ्या.

पेठेतला_वाचक: हॅकर बदलले, माणसाचा निष्काळजीपणा तोच आहे.

विधी_तिसरं_वर्ष: थोडं अवांतर. मूळच वाचायचं तर सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे. नऊ न्यायाधीश, एकमत: खासगीपणा हा मूलभूत हक्क. पीडीएफ फुकट मिळते.

हिंजवडी_फेज२: ५४७ पानांचा निकाल? वाचनकट्ट्यात? सँडवर्मच घ्या.

निवृत्त_बँकर: कायद्याची भाषा कुणाच्या गळी उतरणार नाही. मी वर म्हटलं तसं, कॉसमॉस.

कोथरूडकरीण: सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही पुट्टस्वामी निकाल घेतोय. काल कट्ट्यावर वाचून दाखवताना कळलं की त्याने १९७६ चा जबलपूर खटल्यातला निकाल रद्द ठरवला. आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही कोर्टात जाता येणार नाही, असं सांगणारा तो निकाल. त्या बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते, आपल्या पुण्यात जन्मलेले, आयएलएस लॉ कॉलेजात शिकलेले. २०१७ मध्ये तो चूक ठरवणारं मत त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. आमच्यातल्या दोघांनी आणीबाणीत येरवड्यात दिवस काढलेत. सरकारच्या हातात माणसाची माहिती गेली की काय होतं, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. ते म्हणाले, हेच वाचू. निवडक भाग मोठ्या टायपात छापून स्पायरल करून घेते, सहाशेत बसेल. सुजाताताई, १९३० मलपृष्ठावर ठळक घालते.

एबीसी_चौक: तुमची निवड. पण झुबॉफ कधीतरी वाचाच.

विधी_तिसरं_वर्ष: सुरुवात न्या. संजय किशन कौल यांच्या स्वतंत्र मतापासून करा. ते आटोपशीर आहे आणि सरकारइतकंच कंपन्या गोळा करतात त्या माहितीबद्दलही बोलतं.

निवृत्त_बँकर: कट्टा कुठल्या रविवारी? कॉसमॉसची कात्रणं जपून ठेवलीत, घेऊन येतो.