झऱ्याचं पाणी डायरेक्ट प्यायलं तर चालेल का?

प्रश्न: डोंगरउतारावर कातळाच्या फटीतून झरा फुटलाय, पाणी काचेसारखं नितळ, भर उन्हाळ्यातही धार तुटत नाही. रोज प्यायला कॅन भरून आणायचं म्हणतोय, न उकळता चालेल?

उत्तर १: नितळ दिसतंय म्हणून पिऊ नका प्लीज! जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. आधी झऱ्याच्या वरच्या अंगाला चालत जा, गुरं चरतात का, शोषखड्डे, फवारणीची शेतं आहेत का बघा आणि लॅबमधून टेस्ट कराच, कारण नायट्रेट, आर्सेनिक उकळून जात नाही.

उत्तर २: जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी परत बघून या, पाणी गढूळ झालं असेल तर वरचं पाणी नीट न गाळताच आत शिरतंय असं समजा. आणि खालच्या डबक्यात भांडं बुडवू नका हो, जिथून फुटतंय तिथेच पाइपचा तुकडा बसवून धार थेट कॅनमध्ये घ्या. मी आधी डबक्यातूनच भरायचो, तळाचा गाळ नि कुजका पाला सगळा आत यायचा. केमिकलचे जुने कॅन तर अजिबातच नकोत.

उत्तर ३: खळखळून उकळी आली की १ मिनिट ठेवा, २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं. गढूळ असेल तर आधी कापडातून गाळून घ्या.