सहा वेळा पडायलाच उभी राहिली का ही बाई? (आर्लेत लागिये, फ्रान्स)

पारोळ्याची_पोर
राम राम मंडळी. राज्यशास्त्राचा पेपर आहे, फ्रान्सच्या निवडणुका वाचता वाचता एका बाईपाशी अडकले. आर्लेत लागिये. 1974, 81, 88, 95, 2002, 2007 अशी सहा वेळा राष्ट्राध्यक्षपदाला उभी, पक्ष ल्यूत उव्रिएर म्हणजे ट्रॉट्स्कीवाले (रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीला मानणारे कम्युनिस्ट), आणि सगळ्यात जास्त मतं किती तर 5.72 टक्के. आमचे काका झेडपीला दोनदा पडले तर आजी अजून जेवताना टोमणे मारते, आणि हिला पक्षाने 33 वर्षं दरवेळी तिकीट दिलं! काय मिळवायचं होतं नेमकं? आणि 2002 ला हिच्यामुळे डाव्यांचा माणूस पडला असं क्लासचे सर म्हणतात, ते खरंय का?

निवृत्त_कॅशियर
पोरी, मी बोलणारच, बाई आमच्या बिरादरीतली आहे, बँकेवाली. क्रेदी लिओने नावाच्या मोठ्या बँकेत सोळाव्या वर्षी लागली, टायपिस्ट होती. 1974 च्या सुरुवातीला तिकडे बँकांचा मोठा संप झाला त्यात ही पुढे, आणि तेवढ्यात एप्रिलमधे राष्ट्राध्यक्ष पाँपिदू वारले, निवडणूक अचानक लागली, पक्षाने हिलाच उभं केलं. वय 34. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिलेली पहिली बाई हीच. 2.33 टक्के पडले.

आता तुझा प्रश्न, मिळवायचं काय. अगं तिकडे एकदा उमेदवारी मंजूर झाली की सरकारी टीव्हीवर प्रचाराचा वेळ सगळ्यांना असतो, मोठा असो की छोटा. ज्या पक्षाचे लोक एरवी कारखान्याच्या गेटवर पहाटे पत्रकं वाटतात, शिफ्ट सुटायच्या वेळी, त्यांना देशाच्या घराघरात शिरायला दुसरा रस्ता कुठला? ती भाषणाची सुरुवातच कामकरी बायांनो, कामगारांनो अशी करायची, बाया आधी. निवडून यायचंय असं ती मतदारांना कधी सांगतच नव्हती, निवडणुकीने कामगाराचं भलं होत नाही, संपाने होतं, हे सांगायलाच उभी राहायची. मी युनियनमधे होतो म्हणून मला हे पटतं, बायको म्हणते तुम्हाला काहीही पटतं.

तापीकाठ_शहादा
सरांचं गणित अर्धवट आहे ताई. तिकडे पहिल्या फेरीतले वरचे दोघंच दुसऱ्या फेरीत जातात. 2002 ला पहिल्या फेरीत उजवे शिराक 19.88 टक्के, कडवे उजवे ल पेन 16.86, समाजवादी जोस्पँ 16.18. म्हणजे जोस्पँ साधारण 1 लाख 95 हजार मतांनी दुसऱ्या फेरीच्या बाहेर, आणि आर्लेतला पडली 16 लाखाच्या वर. एवढंच बघितलं तर ती गुन्हेगार. पण त्या वेळी एकूण 16 उमेदवार होते, डाव्या बाजूलाच शेवेनमाँ 5.33, हरितवाले 5.25, कम्युनिस्ट 3.37, तोबिरा 2.32, पोस्टमन बेझाँसनो (हाही ट्रॉट्स्कीवाला, पण दुसऱ्या पक्षाचा) 4.25. सगळ्यांना सोडून हिलाच धरायचं का? आणि ही मतं जोस्पँच्या खिशातली होती कुणी सांगितलं, तो पाच वर्षं पंतप्रधान होता, आणि आपला कार्यक्रम समाजवादी नाही हे त्यानेच प्रचारात बोलून ठेवलं. कामगार नाराज होणारच ना.

मला तिचा राग येतो तो दुसऱ्या फेरीचा. ल पेनसमोर शिराक उभा, लाखो लोक रस्त्यावर, आणि ही शिराकला मत द्या म्हणायला तयार नाही. शिराक 82 टक्क्यांनी आला तो भाग वेगळा.

अमळनेरकर
आते आयक भो, सगळे तिचं कौतुक करताय म्हणून उलटं लिहितो. आम्ही गिरणीच्या गावचे, लाल झेंडा घरात बघितलेला. बाई प्रामाणिक असेल, पण पक्ष? पोस्टरवर चेहरा हिचा आणि सूत्रं 'हार्डी' नावाने वावरणाऱ्या रोबेर बार्सिया ह्या माणसाकडे, ज्याचं नाव सामान्य लोकांना कित्येक वर्षं माहीत नव्हतं. एवढी गुपितं पाळणाऱ्यांनी लोकशाही शिकवायची का?

आणि फाटाफूट बघा. 1999 ला बेझाँसनोच्या पक्षासोबत एकत्र लिस्ट लावली तर युरोपियन पार्लमेंटमधे पाच जागा आल्या, आर्लेत स्वतः गेली. तीन वर्षांत परत वेगळे! 2002 ला ट्रॉट्स्कीवाले तिघं मिळून 10 टक्क्यांच्या वर होते, पण दोन दुकानं, तिसरी टपरी. 2007 ला पोस्टमन 4.08 वर टिकला आणि आर्लेत 1.33. पोरं त्याच्याकडे गेली. आपल्याकडे धुळ्याचे कॉ. शरद पाटील 1978 ला मार्क्सवाद्यांतून बाहेर पडले, सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, पण जातीचा नवीन प्रश्न मांडून बाहेर पडले, वाद घालायला काही तरी होतं. हिच्या भाषणात 74 आणि 2007 मधे फरक शोधून दाखवा.

निवृत्त_कॅशियर
अमळनेरकर भाऊ, फरक न पडणं हीच तिची कमाई समजा की. बाकीचे मंत्री झाले, गाडी बंगला झाला. आणि शहादेकर, 1981 ला दुसऱ्या फेरीत समाजवादी मितराँला आणि 2007 ला समाजवादी रोयालबाईंना मत द्या हे तिने सांगितलेलं, तेव्हा ती नेहमीच आडमुठी होती असं नाही. फक्त उजव्याला मत द्या म्हणणं तिच्या जिभेवर यायचं नाही.

पारोळ्याची_पोर
खूप धन्यवाद सगळ्यांना. एकच राहिलं, उभं राहायला अडचण नाही का येत? आपल्याकडे लोकसभेला 25 हजार डिपॉझिट भरलं की झालं.

तापीकाठ_शहादा
तिकडे पैशापेक्षा सह्या अवघड. निवडून आलेल्या 500 लोकांच्या सह्या, त्याही किमान 30 जिल्ह्यांतून. बहुतेक करून छोट्या गावांचे महापौर पकडावे लागतात, आपल्याकडे सरपंच म्हण. कार्यकर्ते गाडी काढून गावोगाव फिरतात, आणि आता सह्या करणाऱ्यांची नावं जाहीर होतात म्हणून सरपंच घाबरतो, उगाच विरोधकांच्या डोळ्यात कशाला यायचं. आणि 5 टक्के ओलांडले तरच खर्चाचा मोठा हिस्सा परत मिळतो, आर्लेतला तो 1995 (5.30) आणि 2002 दोन्हीला जमला.

तिच्यानंतर त्याच पक्षाची नताली आर्तो, शाळेत अर्थशास्त्र शिकवते. 2012, 17, 22 तिन्हीला एक टक्क्याच्या आत. 2022 ला डावा मेलाँशाँ दुसऱ्या फेरीपासून सव्वाचार लाख मतांनी राहिला तेव्हा शिव्या हिला नाही, कम्युनिस्ट रूसेलला पडल्या, त्याला आठ लाख पडली होती. सरांना विचार त्याचं काय म्हणणं आहे ते.