बाळ निजलं, तरी डोळ्याला डोळा लागेना

पोटुशी असताना किंवा बाळंतपणानंतर मन खचलं, बाळाकडे बघूनही काहीच वाटेनासं झालं, असं तुमचं किंवा घरात कुणाचं झालं असेल तर लिहा. कशावरून ओळखलं आणि मदत कुठे मिळाली, एवढं तरी नक्की लिहा. सुरुवात मी करते.

देवगड तालुका, मुलगा आता तीन वर्षांचा

माझं बाळंतपण जुलैत, माहेरी. बाहेर पावसाची झड, घरात शेगडीवर वाळणारी दुपटी, आणि नवरा मुंबईला कामावर. पहिले काही दिवस उगाच रडू यायचं. बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. माझं ओसरलंच नाही. बाळ रात्री सलग तीन तास निजायचं, आई दमून झोपलेली असायची, आणि मी कौलांवरचा पाऊस ऐकत टक्क जागी. हळिवाचा लाडू तोंडात नुसता फिरायचा. गणपतीत नवरा आला, तेव्हा आरतीला उभी राहिले ती केवळ माणसं बघतायत म्हणून.

आईने दृष्ट काढली, अंगारा लावला, देवाला गाऱ्हाणं घातलं. तिने सगळं मायेपोटी केलं, तिच्यावर माझा राग नाही. पण साडेतीन महिने तसेच गेले. त्या महिन्यांची लस द्यायला गेलो तेव्हा सिस्टरने बाळाचं कार्ड बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, "बाळ निजल्यावर तुका झोप येता काय गो?" मी तिथेच हमसून रडले. तोवर सगळ्यांनी दूध पुरतं का, एवढंच विचारलं होतं.

तिने जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गेल्या 7 दिवसांबद्दलचे 10 प्रश्न दिले. एडिनबर्ग प्रश्नावली म्हणतात तिला, 1987 पासून वापरात आहे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. मी आधी 'कधीच नाही'वर खूण केली, मग ती खोडून खरं उत्तर लिहिलं. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी असा थकवा येतो, म्हणून दोन्ही तपासण्या झाल्या. मग समुपदेशन आणि सर्ट्रालीनची गोळी. अंगावर पाजतानाही ती सहसा देता येते, त्यामुळे दूध तोडावं लागलं नाही. पहिले दोन आठवडे काही फरक वाटला नाही. तिसऱ्यात एका दुपारी बाळाबरोबर मलाही झोप लागली. गोळ्या पुढे बरेच महिने चालल्या आणि डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. आपल्या मनाने बंद करू नका.

गुहागर

माझं बाळंतपणाच्या आधीच सुरू झालं, सातव्या महिन्यात. जेवण जाईना तर म्हणाले डोहाळे, रडले तर म्हणाले हळवी झालीय. ओटीभरणाच्या फोटोत मी हसतेय, आणि त्या रात्री मी देवाकडे सकाळ होऊ नये म्हणून मागत होते. गरोदरपणातही नैराश्य येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना सांगता आलं असतं. पोटुशी असताना असलं बोलू नये म्हणतात, म्हणून गप्प राहिले. तुम्ही गप्प राहू नका.

हर्णै, नवरा लिहितोय

मासेमारी बंद असते त्या दिवसांत मी घरी होतो, म्हणून वेळेत कळलं. बाळंतपणाला पाच दिवस झालेले. बायको दोन रात्री अजिबात झोपली नाही, एकसारखी बोलत होती, आणि मग म्हणाली हे बाळ आपलं नाही, बदललंय. घरचे म्हणाले, बाहेरचं आहे, भगताला बोलवू. मी गाडी केली आणि त्याच रात्री रुग्णालय गाठलं. तिथे सांगितलं की हे साधं नैराश्य नव्हे, बाळंतपणानंतरचा सायकोसिस आहे, म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार. हजारात एकदोघींना होतं, आणि यात एक दिवसही थांबायचं नसतं, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. पुढचे उपचार रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात झाले. आमच्याकडे 'रत्नागिरीला नेलं' याचा अर्थ लोक काय घेतात ते तुम्हाला माहीत आहे. घेऊ देत. आज ती बरी आहे आणि मुलीला शाळेत सोडायला तीच जाते.

मुरूड, आशा सेविका

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आम्ही 42 दिवसांत सहा वेळा जातो: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, दूध, नाळ सगळं बघतो. मी आता वरच्या सिस्टरांचा झोपेचा प्रश्नही विचारणार, सासूबाई पाणी आणायला आत गेल्या की. त्यांच्यासमोर सून खरं बोलत नाही. ज्यांना दवाखान्यापर्यंत जाणं जमत नाही त्यांनी टेली-मानसला फोन करावा, क्रमांक 14416. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

मालवण

माझी वहिनी बाळंत होऊन महिना झाला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते आणि घरात सगळे तिला आळशी म्हणतात, काल मीही म्हणाले. आत्ता वर जाऊन आले. बाळ गाढ झोपलंय आणि ती जागी आहे. मी विचारलं तर काही बोलली नाही, फक्त माझा हात धरला. उद्या सकाळी तिला घेऊन दवाखान्यात जातेय.