डिजिटल सहीसाठी जुनं प्लगिन मागणारी टेंडरची साइट, नव्या लॅपटॉपवर काय करू?

वायरमन_हुडकेश्वर

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, हुडकेश्वरला राहतो. छोटा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, दोन वायरमन, एक हेल्पर आणि मी. एका सरकारी खात्याचं वसतिगृहाच्या वायरिंगचं टेंडर निघालंय. गुरुवारी दुपारी 3 ला बंद होतं.

लॅपटॉप नवा आहे, विंडोज 11. डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं, सही त्यातूनच होते) लावलं की दिवा लागतो, टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये माझं नाव आणि सर्टिफिकेटची मुदत बरोबर दिसते. साइटवर लॉगिनही होतं. पण जिथे सहीचं बटण यायला पाहिजे तिथे नुसता करडा चौकोन, आत लिहिलेलं की प्लगिन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) चालत नाही. क्रोमवर तेच, फायरफॉक्सवर तेच. मदतीच्या पानावरची पीडीएफ उघडली, तर त्यातली चित्रं विंडोज एक्सपीची.

आजवर याच एका साइटसाठी विंडोज 7 चा जुना लॅपटॉप सांभाळला होता. एप्रिलच्या उन्हात तो गेला. बर्डीतला रिपेअरवाला म्हणाला, बोर्ड उडाला, पार्ट मिळत नाही.

हेल्पलाइनवर सांगितलं, "टेंडर भरून देणाऱ्या दुकानात टोकन द्या, ते करतात." मला राग याचाच आहे. चार वर्षांपूर्वी मी तसं केलं होतं. दुकानदारानं ड्रॉवर उघडला तर आत पंधरा-वीस टोकन, प्रत्येकाला रबर बँडनं चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर पिन. म्हणजे तितक्या लोकांच्या सह्या त्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या. शिवाय माझ्या विरोधात भरणाराही त्याच दुकानात येतो, आणि माझा दर त्याच स्क्रीनवर टाईप होतो. घरी आलो, रात्रभर झोप नाही. आता पुन्हा तिथे जायचं नाही. दुसरा काही रस्ता आहे का?

पूर्वा_परसोडी

भाऊ, टोकन कोणाला देऊ नका, रस्ता आहे. तुमच्या विंडोज 11 मध्ये एज ब्राउझर आहे ना, त्यात इंटरनेट एक्सप्लोरर मोड आहे, म्हणजे जुन्या एक्सप्लोररसारखं पान उघडायची सोय. सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर' वर जा, साइट एक्सप्लोरर मोडमध्ये रीलोड करायची परवानगी द्या, एज बंद करून पुन्हा उघडा. मग त्याच पानावरच्या यादीत साइटचा पत्ता टाका. इथे बहुतेकांचं फसतं: लॉगिनचं पान आणि सहीचं पान, दोन्हींचे पूर्ण पत्ते वेगवेगळे टाका. अॅड्रेस बारच्या डावीकडे जुना निळा 'ई' दिसला की मोड चालू झाला.

सहीचं प्लगिन जावा या सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून जावा 8 लागेल, तेही 32 बिटचं. 64 बिटचं टाकलं तर करडा चौकोन तसाच राहील. कंट्रोल पॅनलमध्ये जावा उघडा, सिक्युरिटीत 'एक्सेप्शन साइट लिस्ट' मध्ये साइटचा पत्ता जोडा. एजच्या यादीतली नोंद मात्र 30 दिवसांनी आपोआप निघते, म्हणून पुढच्या टेंडरला पुन्हा टाकावी लागेल. काम झालं की जावा काढून टाका, जुनं जावा कायम ठेवणं धोक्याचं.

महालातले_काका

पूर्वाताईंनी उपाय बरोबर दिलाय. मी यात थोडी भर घालतो, कारण वायरमनभाऊंची चूक नाही हे त्यांना कळलं पाहिजे.

टोकनमधली खासगी किल्ली, म्हणजे सही करणारा गुप्त कोड, कधीच बाहेर येत नाही. कागदाचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) आत जातो, सही होऊन बाहेर येते. ब्राउझरला टोकनशी थेट बोलता येत नाही, म्हणून मध्ये जावाचं अॅपलेट, म्हणजे वेबपानात चालणारा छोटा प्रोग्राम, बसवलं. तेव्हा ते ठीक होतं. पण क्रोमनं असली प्लगिनं सप्टेंबर 2015 मध्ये बंद केली, फायरफॉक्सनं मार्च 2017 मध्ये, 2018 च्या जावा 11 मधून अॅपलेट चालवणारं प्लगिनच गेलं आणि जून 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोररही बंद केला. इतक्या वर्षांत साइट बदलायला पाहिजे होती. आता बऱ्याच ठिकाणी एक छोटा प्रोग्राम आपल्या मशीनवर चालतो आणि वेबपान त्याच्याशी बोलतं, मग ब्राउझर कोणताही असो.

माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 42 सांगतं की खासगी किल्ली आपल्याच ताब्यात राहील याची काळजी सर्टिफिकेटधारकानं घ्यायची. आणि खात्याची हेल्पलाइन म्हणते टोकन दुकानात द्या! शिवाय ई-गव्हर्नन्ससाठी खुली मानकं (एका कंपनीला बांधलेली नसलेली) वापरायची हे केंद्र सरकारचं धोरण 2010 पासूनचं आहे. हे दोन्ही मुद्दे घालून अर्ज करा, करड्या चौकोनाचा फोटो जोडा आणि मुदत संपायच्या आधी द्या. नंतरच्या अर्जाला अर्थ राहत नाही.

वायरमन_हुडकेश्वर

पूर्वाताई, काका, मनापासून आभार. बुधवारी रात्री बसलो. पहिल्यांदा नाहीच झालं, कारण मी फक्त लॉगिनचं पान यादीत टाकलं होतं. सहीच्या पानाचा लांबलचक पत्ता कॉपी करून टाकला आणि चौकोनाच्या जागी बटण आलं. दराची फाईल, जीएसटीचा दाखला, अनुभवाचं प्रमाणपत्र, सगळ्यांवर स्वतः सही केली. पावणेबाराला पोच आली, तिची प्रिंट काढली, लगेच जावा काढून टाकलं.

अर्ज गुरुवारी सकाळी सिव्हिल लाईन्सच्या ऑफिसला नेऊन दिला. आवक शाखेतला बाबू म्हणाला, "टेंडर भरलं ना तुमचं, मग कायले अर्ज देता?" मी म्हटलं, माझं भरलं हो, पण त्या ड्रॉवरमध्ये अजून पंधरा-वीस लोकांचे टोकन आहेत. त्यानं वाचलं आणि शिक्का मारला. आवक नंबर माझ्याकडे आहे. पंधरा दिवसांनी जाऊन विचारतो, काय उत्तर मिळतं ते इथेच लिहीन.