रेटीचा तिरका राजा

बुद्धिबळातल्या मुद्दाम रचलेल्या कोड्यांवर 'असल्या पोझिशन खऱ्या डावात येतात कुठे?' असा आक्षेप घेतात, तो मला निम्माच पटतो. बुद्धिबळपटू रिचर्ड रेटीची १९२१ची रचना मांडून बघा (अक्षर म्हणजे पटावरचा उभा स्तंभ, आकडा म्हणजे आडवी ओळ): पांढरा राजा एच८, प्यादं सी६, काळा राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्याची खेळी, बरोबरी साधायची. मोहरी चारच!

वेंगुर्ल्याला पावसात लाईट गेली तेव्हा मामांनी ओटीवर ही मांडली, काळं प्यादं हरवलेलं म्हणून तिथे सुपारी. मी सुपारीमागे सरळ धावत सुटलो, दर वेळी दोन खेळ्या कमी. मामांनी राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका उतरवला, म्हणजे एकाच वेळी दोन्ही प्याद्यांच्या जवळ. काळ्याने सी६वरचं प्यादं मारलं तर एफ४वरून सुपारी गाठायची. सुपारी पुढे रेटली तर राजा डी६वर, मग दोघांचीही प्यादी टोकाला पोचून वजीर होतात, म्हणजे बरोबरीच. त्या रात्री माशाचं कालवण गार झालं, मामी अजून बोलून दाखवते.